स्वयंपाक घरी आहेच, मग शाळेत कशाला?

लहान मुलांना स्वयंपाकातून शिकवावं, असं खेड्यातल्या पालकसभेत कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं असतं. आमची पोरं चुलीपुढंच वाढली, त्यांना आणखी काय दाखवता? शाळेत घातलंय ते लिहा-वाचायला. स्वयंपाक घरी आहेच. हे उत्तर देणारी माणसं अडाणीपणानं बोलत नाहीत. पोरानं आपल्यापेक्षा वेगळं काही शिकावं म्हणून त्यांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो, आणि शाळेचा तास पोळपाट-लाटण्यात जाणार असेल तर तो त्यांना फुकट गेलासा वाटतो. शिक्षकही बहुधा त्यांच्याच बाजूचे असतात. स्वयंपाकातून शिक्षण ही शहरातल्या महागड्या बालवाड्यांची हौस आहे; ज्यांनी ज्वारीचं कणीस पाहिलेलं नाही त्या मुलांना ती ठीक, खेड्याला तिची गरज नाही, हे मत आज जवळजवळ सर्वमान्य आहे. मला ते पुरतं चुकीचं वाटतं.

खंडन करायचं तर मत जिथे सगळ्यात बळकट आहे तिथे जाऊन करावं. म्हणून जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई घेऊ. मराठवाड्यात हे गाव ओळखलं जातं ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी. हंगामात आसपासच्या खेड्यांतून माल इथे येतो, व्यापारी भाव बोलतात, गाड्या भरून दूरच्या शहरांकडे निघतात. तोडणीला घरातली मोठी माणसं जातात आणि लहानग्यांचा दिवस त्या तोडणीभोवती बेतला जातो. अशा गावातल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला दूध आटताना कसं दिसतं ते ठाऊक असतं, भाकरी फुगली की पलटायची नसते हे ठाऊक असतं, उन्हाळ्यात वाळवणावरची पाखरं हाकायला त्यालाच बसवलेलं असतं. ‘घरी आहेच’ हे वाक्य कुठे खरं ठरणार असेल तर ते इथेच.

या मताच्या बाजूनं एक भक्कम पुरावाही आहे, तो आधी मांडला पाहिजे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ, लिंबं, कलिंगडं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. मुलं ९ ते १५ वर्षांची होती. अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के मुलांनी बरोबर सांगितले. तसलेच हिशोब नुसत्या आकड्यांची उदाहरणं म्हणून दिले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. पाच मुलांवरून सिद्धांत मांडू नये, असं कुणी म्हणेल. पण चाळीस वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जे मांडलं ते कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या हजारावर मुलांबद्दल होतं. तिथेही तेच दिसलं. कागद-पेन्सिलीशिवाय गुंतागुंतीचा व्यवहार चोख करणारी मुलं शाळेच्या रीतीनं मांडलेल्या वजाबाकी-भागाकारात अडखळली.

पूर्वपक्ष यावर लगेच म्हणेल : बघा, व्यवहारात कळलेलं पुस्तकात कामाला येत नाही, तर मग शाळेनं पुस्तकच शिकवावं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग वाचला पाहिजे. बाजारात कधी न बसलेली, नियमानं शाळेत जाणारी मुलंही तपासली होती. कागदावरची उदाहरणं त्यांना जास्त बरी जमत होती. बाजारातला प्रत्यक्ष हिशोब समोर आला की ती गडबडली. म्हणजे हाताला आलेलं ज्ञान वहीपर्यंत आपसूक पोचत नाही आणि वहीतलं हातापर्यंत पोचत नाही. आता ‘घरी आहेच’ या वाक्याखाली काय गृहीत धरलेलं आहे ते पाहा. घरी जे कळलं ते कळलंच, शाळेनं फक्त अक्षर-आकडे द्यावेत, दोहोंची सांगड मूल मनातल्या मनात घालून घेईल. पुरावा सांगतो की मूल ती घालत नाही. घालू शकत नाही असं नाही. कुणीतरी सोबत बसून घालावी लागते.

हाच पुरावा माझ्या बाजूच्या उत्साही मंडळींच्याही विरोधात जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. पीठ मोजलं की अपूर्णांक आले, पाणी उकळलं की विज्ञान आलं, असं स्वयंपाकाच्या उपक्रमांबद्दल सर्रास सांगितलं जातं. तसं होत असतं तर पिंपळगावातली प्रत्येक आठ वर्षांची मुलगी गणितात पहिली आली असती. नुसतं करणं पुरत नाही. केलेल्या गोष्टीपाशी थांबून विचारणं, मोजणं, सांगणं, काढून ठेवणं हे त्याच बैठकीत झालं तरच करण्याचं शिक्षण होतं.

आणि घर हे थांबू शकत नाही. तोडणीच्या दिवसांत आई भल्या पहाटे उठून भाकरी थापते, तेव्हा चार माणसांचं वेळेवर खाणं व्हावं हा तिचा हेतू असतो आणि तो योग्यच असतो. मूल मध्ये आलं तर ते बाजूला सारलं जातं. पीठ कमी-जास्त झालं तर ती निमूट सावरून घेते, कारण बिघडलेली भाकरी घराला परवडत नाही. शाळेला परवडते. भाकरी मोडली तर का मोडली हे बघायला वेळ असलेली गावातली ती एकमेव जागा आहे. घरातला स्वयंपाक आणि शाळेतला स्वयंपाक दिसायला एक असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत, आणि ही गोष्ट पूर्वपक्षाच्या नजरेतून पूर्ण निसटते.

उदाहरणं घेऊ, नाहीतर हे सगळं हवेत राहील.

जुन्या घरांत अजून एखादं मापटं, चिपटं सापडतं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. अंगणवाडीतल्या मुलाला ही मापं आणि ज्वारीचं घमेलं दिलं की ते ओततं, भरतं, सांडतं, पुन्हा भरतं. ते होऊ द्यावं. पुढे पहिली-दुसरीत त्यानं पाटीवर तितकी खूण करावी : एका शेराला किती चिपटी ओतली? चार. तिसरी-चौथीत तीच मापं परत बाहेर काढावी. शेर म्हणजे पायलीचा चौथा भाग, मापटं आठवा, चिपटं सोळावा. दर वेळी निम्मं. पुस्तकात अपूर्णांक शिकवताना गोल काढून त्याच्या फाका रंगवायला सांगतात. इथे तो अपूर्णांक हातात जड लागतो, आणि चिपटं चार वेळा दुप्पट केलं की पायली होते हे कुणी पाठ करून घ्यावं लागत नाही.

यासाठी घरून काही आणावं लागतंच असं नाही. शाळेत रोज स्वयंपाक होतो. शालेय पोषण आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर तांदूळ वाटण्याऐवजी शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं माप ठरलेलं आहे. साठ मुलं हजर असली तर सहा किलो तांदूळ आणि एक किलो दोनशे ग्रॅम डाळ. आज पंचावन्नच आली, तर किती? स्वयंपाक करणाऱ्या मावशी हा हिशोब रोज सकाळी करतात. वर्गापासून वीस पावलांवर, मुलांच्याच पोटासाठी होणारा हा हिशोब एकदाही मुलांपुढे मांडला जात नाही. हजेरी घ्यायची, आकडा फळ्यावर लिहायचा, दोन मुलांनी तराजूवर डाळ तोलायची, मावशींनी ती बरोबर आहे की नाही सांगायचं. विस्तवाजवळ जायची गरज नाही, जास्तीचा पैसा नाही. गावातली ही सर्वात मोठी प्रयोगशाळा आहे आणि तिच्या दाराला मुलांसाठी कडी लावलेली आहे.

मला सगळ्यात श्रीमंत वाटतो तो मात्र उन्हाळ्यातला पाठ, कुरडयांचा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते तेव्हा तो सहज जमतो. पहिल्या दिवशी गहू भिजत घालायचे. मुलांनी त्यातला एक दाणा बोटानं दाबून बघायचा : कडक. रोज पाणी बदलायचं, रोज दाणा दाबायचा, रोज वास घ्यायचा. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत फुटतो आणि आतून पांढरं दूध येतं. वाटून, पाण्यात कालवून फडक्यातून गाळलं की फडक्यात चोथा राहतो आणि पातेल्यात दुधासारखं पाणी. ते रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळसर निवळ पाणी आणि तळाला घट्ट पांढरा थर. आता मुलांना विचारावं : पांढरं कुठे गेलं? खाली का बसलं? काल ढवळताना का बसलं नाही? पाच वर्षांचं मूल ‘जड आहे म्हणून’ इथपर्यंत स्वतः येतं, त्याला पुढे ढकलावं लागत नाही. मग मोठ्यांनी तो चीक उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडून ढवळायचा आणि मुलांनी लांबून रंगावर नजर ठेवायची. दुधासारखं पांढरं असलेलं हळूहळू काचेसारखं होत जातं, घट्ट होतं, पळीला चिकटतं. पिठूळ कणांनी गरम पाणी पिऊन फुगणं हे रसायन आहे, आणि ते डोळ्यांदेखत घडतं. सोऱ्यातून पडलेली कुरडई उन्हात सुकते. ओली तोललेली आणि सुकी तोललेली यांत फरक किती, तेवढं पाणी कुठे गेलं? महिन्याभरानं तीच कुरडई तेलात सोडली की उरलासुरला ओलावा वाफ होऊन तिला फुलवतो. भिजणं, गाळणं, निवळणं, शिजणं, सुकणं, फुलणं. मोठ्या वर्गांतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मिश्रणं वेगळी करण्याच्या पद्धतींचा धडा असतो. मराठवाड्यातल्या मुलानं तो धडा वयाच्या पाचव्या वर्षी अंगणात पाहिलेला असतो आणि तेराव्या वर्षी तो नवा म्हणून पाठ करतो. दोघांची ओळख कुणी करून दिलेली नसते.

गव्हाची आणि ज्वारीची कणीक शेजारी शेजारी मळायला देणं हा छोटा पाठ, एका तासाचा. गव्हाचा गोळा ओढला तर ताणतो, ज्वारीचा तुटतो. गव्हातल्या प्रथिनांचं पाण्यात मिसळून ग्लुटेनचं जाळं बनतं, ज्वारीत ते नाही. म्हणून पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, म्हणून ज्वारीला गरम पाणी लागतं. ग्लुटेन हा शब्द सहा वर्षांच्या मुलाला सांगायची घाई नको. दोन गोळे दोन तऱ्हेनं वागले, एवढं त्यानं आपल्या शब्दांत सांगितलं तरी पुष्कळ.

आणि मिरची? तिच्या गावात तिला वगळून कसं चालेल. पण इथे सावध राहिलं पाहिजे : तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात चिरलेली मिरची देऊ नये, हात डोळ्याला जातो. दुसरी-तिसरीतल्या मुलांना मात्र ठेच्याचा कण जिभेला लावून आधी पाणी आणि मग ताक पिऊन बघता येईल. पाण्यानं आग शमत नाही, ताकानं शमते. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, आणि दुधातलं केसीन त्याला धरून जिभेवरून उचलतं. तोडणी करणाऱ्या बायका हातांची आग व्हायला लागली की तेल चोळतात. पोरांनी ते पाहिलेलं असतं, आता ते का हे कळेल. शिक्षकाला पुढे जायचं तर डेव्हिड ज्युलियस यांच्याबद्दल सांगता येईल. याच कॅप्सायसिनचा माग काढत त्यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये चेतापेशींवरचा असा ग्राहक शोधला, जो मिरचीनंही जागा होतो आणि साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही. त्या कामासाठी २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. शिवाय इतिहास आहेच. मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात इथे आली. तालुक्याचं ठिकाण असलेल्या भोकरदनला, म्हणजे सातवाहनांच्या काळातल्या भोगवर्धनात, एकाही घरात ठेचा नव्हता. मिरचीच्या जिवावर जगणाऱ्या गावातल्या मुलाला हे कळणं हा त्याचा हक्क आहे.

आता ‘शहरी हौस’ या आक्षेपाकडे. तो इतिहासाला धरून नाही. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागोत प्रयोगशील शाळा काढली तेव्हा स्वयंपाक हा तिथल्या लहान मुलांच्या अभ्यासाचा गाभा होता. एका मुलानं विचारलं, एवढा खटाटोप कशाला, कृती बघून पदार्थ करू या की. मग कृती लिहिणाऱ्याला ती कळली कशी असा प्रश्न निघाला, आणि पाणी किती तापलं की अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचं काय होतं हे मुलं स्वतः पाहू लागली. पण शिकागोला जायची गरज नाही. मॉन्टेसोरींची साधनं खेड्याला परवडत नाहीत हे ओळखून ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, आणि शिंपले, बिया, खडे, पानं अशा आसपासच्या वस्तूंनी बालशिक्षण उभं केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे दोघींनी ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेलं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनं त्याच्या अंगणात जावं, ही कल्पना त्यांचीच. आज पिंपळगावात जी अंगणवाडी आहे तिचं नाव आणि तिचा मूळ विचार या दोन बायकांच्या कामातून आलेला आहे. घरातली, अंगणातली वस्तू शिक्षणाचं साधन करणं ही शहराची हौस असती तर ती खेड्यातल्या सर्वात गरीब मुलांसाठी जन्मली नसती.

सर्वात गंभीर आक्षेप अजून उरला आहे, आणि तो पालकसभेत नेहमी उघड बोलला जात नाही. आमच्या पोरांनी पुन्हा चुलीत आणि शेतातच राहावं अशी तुमची इच्छा आहे का? साहेबांची पोरं संगणक शिकणार आणि आमची पीठ मळणार? या प्रश्नामागे खरा इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचा वेळ अर्ध्यावर आणला. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी ती योजना होती. कुंभाराच्या मुलानं कुंभारच व्हायचं, असा तिचा अर्थ लोकांनी घेतला, पेरियार आणि द्रमुकनं रान उठवलं, आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली. लोकांचा राग रास्त होता. अक्षराचा वेळ कापून हाताचं काम देणं हा अन्याय आहे, आणि तसा कुणी स्वयंपाकाचा तास मागत असेल तर मी पालकांच्या बाजूनं उभं राहीन.

पण हाताचं काम अक्षराच्या जागी ठेवणं वेगळं आणि हाताच्या कामातून अक्षराकडे जाणं वेगळं. हा भेद आपल्याकडे फार आधी केला गेला होता. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बालबोध वाचन-लेखन मागितलं, हिशोब मागितला, इतिहास-भूगोल-व्याकरण मागितलं, आणि त्याच यादीत शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडेही मागितले. खेड्यातला अभ्यासक्रम शहरापेक्षा थोडा लहान असला तरी व्यवहारोपयोगीपणात कमी नसावा, असा त्यांचा आग्रह होता. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना अक्षर मिळावं म्हणून आयुष्य झिजवलेल्या माणसाला हाताचं ज्ञान कमीपणाचं वाटलं नाही, कारण तो ते अक्षरासोबत मागत होता. वर्ध्याच्या ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची पद्धत, निघाली आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम यांनी ती चालवली, तेव्हा सामूहिक स्वयंपाकघर हा तिथला अभ्यासाचा विषय होता. मुलं पाळीपाळीनं स्वयंपाकघर सांभाळत, जेवणात काय असावं ते ठरवत, खर्च मांडत. त्याच आवारात २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत शेती आणि सूतकताईबरोबर स्वयंपाकही शिकण्यात धरलेला आहे. तिथे मुलं स्वयंपाकी व्हायला येत नाहीत.

चुलीत राहण्याचा धोका खरोखर कुणाला आहे? मुलींना. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या व्यक्तींची नोंद आहे. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के होत्या, पुरुष २६ टक्के. आणि असं काम करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. ही दरी लहानपणीच पडायला लागते. तोडणीला गेलेल्या आईच्या मागे घर सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी भाकरी थापते, तिचा भाऊ बाहेर खेळतो. ‘स्वयंपाक घरी आहेच’ हे वाक्य निम्म्याच मुलांबद्दल खरं आहे, हे ते म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शाळेनं स्वयंपाक हातात घेतला तर तो पहिल्यांदाच सगळ्यांचा होईल. इथे एक अट मला फार महत्त्वाची वाटते : घरी राबणाऱ्या मुलीला शाळेतही कामाला जुंपायचं नाही. पीठ मुलग्यांनी मळावं. तिला विचारावं, पाणी किती, का, कधी. फळ्यावर तिनं लिहावं. जे तिला येतं ते ज्ञान आहे, हे तिला आणि तिच्या भावाला एकाच वेळी कळावं.

विस्तवाचं आणि सुरीचं भय खरं आहे, पण त्यावर फार बोलायची गरज नाही. निवडणं, धुणं, सोलणं, कालवणं, मळणं, वळणं, तोलणं ही कामं तीन ते आठ वर्षांच्या मुलांना पुरून उरतात. विस्तव मोठ्यांनी सांभाळायचा आणि मुलांनी लांबून बघायचा. मुलांनी केलेलं शाळेच्या आहारात मिसळायचं नाही, आहार मावशींच्याच हाती राहू द्यायचा. मात्र या भयापोटी शाळांनी काढलेली पळवाट, बिनआगीचा स्वयंपाक, मला पटत नाही. पाकिटातला पाव, बाटलीतला जॅम, वरून शेव. त्यात काहीच बदलत नाही. कच्चं ते शिजलं कसं, हाच तर सगळा धडा आहे, आणि तोच वगळून उरतं ते पाकीट उघडणं. वर्षातून एकदा भरणाऱ्या आनंदनगरीचंही तेच. पोरं घरून आईनं केलेले वडे आणून विकतात, पालक कौतुकानं घेतात. पैशाच्या हिशोबाला ते चांगलं, स्वयंपाकातून शिकण्याशी त्याचा संबंध नाही.

मुलं स्वतः केलेलं आवडीनं खातात, हाही फायदा सांगितला जातो. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, ६ ते १० वर्षांच्या ४७ मुलांपैकी ज्यांनी पालकांबरोबर जेवण बनवलं त्यांनी इतरांपेक्षा पाऊणपट अधिक सॅलड खाल्लं. अभ्यास एका मोठ्या अन्नकंपनीच्या संशोधन केंद्रातला आहे, एका जेवणापुरता आहे, म्हणून त्यावर मी भार टाकत नाही. माझा युक्तिवाद त्यावाचून उभा राहतो.

उरतो वेळेचा आणि माणसांचा प्रश्न. अंगणवाडी सेविकेवर नोंदवह्यांचं आणि मोबाइलवरच्या माहितीचं ओझं आधीच आहे, मदतनीस पोषण आहारात गुंतलेली असते. त्यांच्या डोक्यावर आणखी एक उपक्रम फोटो काढून पाठवण्यापुरता लादला गेला तर तो मरेल आणि मरावाच. पण शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. तिथे आठवड्याचा एक तास ठरवता येतो, आणि त्या तासाला गावातल्या एखाद्या जाणत्या आजीला मानानं बोलावता येतं, कारण चीक किती शिजला हे तिच्याइतकं नेमकं कुणाला सांगता येणार नाही. वर्गानं त्या दिवशी एकच नोंद ठेवावी : काय केलं, किती घेतलं, काय बदललं, आणि कोणता प्रश्न कुणाला पडला. जे लिहू शकत नाहीत त्यांनी चित्र काढावं. मार्चमध्ये गव्हापासून सुरुवात केली तर त्याआधी समितीला फक्त एक तराजू, दोन पातेली आणि गावातून शोधून काढलेलं एक मापटं लागेल.